फुल सिंथेटिक ऑइल टाकलंय, पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये किती किमीला बदलता?

धायरीकर
नमस्कार मंडळी. गाडी पल्सर २२०, २०१७ ची, ६१,००० झालेत. आत्तापर्यंत कायम साधं २०डब्ल्यू-५० मिनरल टाकत आलो आणि ३००० झाले की न विचारता बदलत आलो. यावेळी पहिल्यांदा फुल सिंथेटिक टाकलं. लिटरला हजाराच्या आसपास गेले, पण गाडी खरंच मऊ झाली, गिअर पडताना जो खाडकन आवाज यायचा तो जवळजवळ गेला.

आता प्रश्न असा की बदलायचं कधी. गॅरेजवाले काका म्हणतात कुठलंही ऑइल असू दे, २५०० ला काढायचंच. मॅन्युअल म्हणतं ५०००. ऑफिसातला मित्र म्हणतो सिंथेटिक आहे ना, मग १०,००० पर्यंत बघूसुद्धा नकोस. रोजचं रनिंग धायरी ते हिंजवडी फेज ३, एका बाजूला साधारण २२ किमी, आणि सकाळी चांदणी चौक-बाणेर-वाकड करत पोचायला १ तास १० मिनिटं लागतात. २५०० ला बदलायचं तर माझ्या रनिंगला अडीच महिन्यांत एकदा हजार रुपये होतात, मग सिंथेटिक टाकून मिळवलं काय? आणि १०,००० ला इंजिनचं काम निघालं तर ते हजारात होणार नाही. स्वतःचा अनुभव असेल त्यांनीच सांगा, यूट्यूब बघून झालंय.

चौथा_गिअर
रुमाल टाकून ठेवतो. माझाही हाच प्रश्न आहे.

जुनी_किक
माझ्याकडे स्प्लेंडर आहे, १ लाख ५८ हजार झालेत, इंजिन अजून उघडलेलं नाही. तिच्या मॅन्युअलमध्ये ६००० ला ऑइल बदल आणि मध्ये ३००० ला टॉपअप लिहिलंय. लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात, सगळा घोळ तिथे आहे. टॉपअप का लिहिलाय? कारण ऑइल जळतं. या गाड्यांत एकूण ऑइलच लिटरभर, त्यातलं पाव लिटर कमी झालं तर उरलेल्या पाऊण लिटरला तेवढंच काम करावं लागतं. मी ज्या गाड्या जाम झालेल्या बघितल्या त्यातल्या बहुतेक जुन्या ऑइलमुळे नाही, कमी ऑइलमुळे झाल्या होत्या. मालक म्हणतो अहो अजून १५०० बाकी होते! बाकी होते ते किलोमीटर, ऑइल कुठे बाकी होतं.

तेव्हा धायरीकर, किती किमी ते ठरवालच, पण दर दुसऱ्या रविवारी गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावून लेव्हल बघायची सवय आधी लावा.

घाटवेडा
मी १०,००० वाल्यांच्या बाजूचा. माझ्या ३५० सीसी बाइकला कंपनीनेच १०,००० किंवा १ वर्ष दिलंय, तेही सेमी सिंथेटिकवर. ताम्हिणी, वरंधा, कोल्हापूर, सगळीकडे फिरतो, ४०,००० झालेत, काही त्रास नाही. गॅरेजवाल्यांचं २५०० हे मिनरलच्या जमान्यातलं आहे आणि प्रत्येक चेंजला त्यांचे पैसे सुटतात हेही खरं.

धायरीकर
@घाटवेडा, दादा तुमचं रनिंग हायवेचं आहे ना पण? माझ्या ४४ किमीत मी चौथा गिअर फार तर बावधनच्या पुढे दोन मिनिटं टाकतो.

चांदणी_चौकातला
याच मुद्द्यावर लिहायला आलो होतो. किलोमीटर सोडा, तास मोजा. धायरीकर ४४ किमीला २ तास २० मिनिटं घेतात, म्हणजे सरासरी १९ च्या आत. या चालीने ५००० किमी व्हायला इंजिन २६५ तास चालू राहणार. आता घाटवेडा कोल्हापूरला गेले, समजा २३० किमी साडेचार तासांत, सरासरी ५१. त्यांचे ५००० व्हायला ९८ तास. मीटरवर दोघांचे ५०००च दिसतात पण एकाचं ऑइल पावणेतीन पट जास्त वेळ राबलंय. ट्रॅक्टरला, जनरेटरला तासांचा मीटर असतो तो याचसाठी. सिग्नलला उभं राहिल्यावर किमीचा काटा थांबतो, इंजिन थांबत नाही.

आणि उभ्या गाडीला वारा नाही. धायरीकरांची ऑइल-कूल्ड आहे, म्हणजे इंजिन गार ठेवायला ऑइलच कूलरमधून फिरतं, पण तो पुढचा छोटा कूलरसुद्धा वाऱ्यावरच गार होतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी वाकडच्या पुलाखाली दहा मिनिटं उभं राहून बघा, मांडीला चटका बसतो.

घाटवेडा
मुद्दा पटतोय पण पूर्ण नाही. सिग्नलला इंजिन १४००-१५०० आरपीएमवर असतं, हायवेवर ९० ने चाललं की त्याच्या कितीतरी वर. तासाला तास सारखा कसा? मोजायचेच तर इंजिनचे फेरे मोजा.

वंगणवाला
मी चाकणला वंगणाच्या टेस्टिंगमध्ये काम करतो, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही. जरा लांब होईल.

घाटवेडा, फेरे मोजायची कल्पना चांगली आहे पण त्याचं उत्तर तुमच्या विरुद्ध जातं. गिअर ठरलेला असला की एका किमीला फेरे किती हे ठरलेलंच असतं, तुम्ही हळू जा नाहीतर जोरात. दुसऱ्या गिअरमध्ये पाचव्याच्या जवळपास दुप्पट फेरे होतात दर किमीला. म्हणजे धायरीकर पहिल्या-दुसऱ्यात रांगत जातात तेव्हा किमीमागे फेरे तुमच्यापेक्षा जास्तच, वर सिग्नलचे फुकटचे फेरे वेगळे. तास नाहीतर फेरे, कसंही मोजा, शहरातलं किलोमीटर महाग पडतं.

आता ऑइलचं नक्की होतं काय. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. आपल्या बहुतेक बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर तिन्ही एकाच ऑइलमध्ये. २०डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-४० अशा दोन आकड्यांच्या ऑइलमध्ये पॉलिमरच्या लांब साखळ्या घातलेल्या असतात, गरम झाल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून. गिअरचे दात एकमेकांत बसताना या साखळ्या अक्षरशः चिरडतात, तुटतात. तुटल्या की ऑइल पातळ होतं आणि ते परत घट्ट होत नाही. एसएई जे-३०० या मानकानुसार १०० अंशाला ४० ग्रेडचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकमध्ये (हे दाटपणाचं माप) असायला हवं. साखळ्या तुटून ते १२.५ च्या खाली गेलं की डब्यावर ४० लिहिलेलं असलं तरी तुमच्या इंजिनात आता ३० आहे. तुम्हाला ते जाणवतं गिअरमध्ये. न्यूट्रल लवकर सापडत नाही, आवाज परत येतो. चांगल्या सिंथेटिकचं मूळ तेलच उष्णतेला कमी पातळ होतं, त्यामुळे त्यात पॉलिमर कमी घालावं लागतं, म्हणून ते जास्त टिकतं. हजार रुपये त्याचे आहेत.

पण दुसरी गोष्ट सिंथेटिकनेही टळत नाही. पेट्रोल जळताना आम्ल तयार होतं, काजळी होते, थोडं पेट्रोल आणि पाण्याची वाफ पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते. आम्ल मारायला ऑइलमध्ये अल्कली घातलेली असते, ती रोज थोडी थोडी खर्च होते. मूळ तेल कितीही भारी असलं तरी ती संपली की संपली. म्हणून १०,००० हा आकडा एका गाडीच्या मॅन्युअलमधून उचलून दुसऱ्या गाडीला लावू नका. ३५० चं इंजिन कमी फेऱ्यांचं, ऑइल जास्त मावतं, कंपनीने ते तसंच बनवून तपासलंय. तुमच्यासाठी घाटवेडा, १०,००० बरोबरच आहे. २२० ला नाही.

धायरीकर, तुमच्या रनिंगला माझा आकडा ४०००. मॅन्युअलचे ५००० ही वरची हद्द समजा.

घाटवेडा
फेऱ्यांचं मान्य. असं कोणी सांगितलंच नव्हतं.

स्कूटरवाली
छान माहिती मिळतेय. माझी १२५ सीसी स्कूटर आहे, तिच्या मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० एमबी लिहिलंय. गॅरेजमध्ये मात्र एमए२ लिहिलेलं टाकलं, म्हणाले ताई हे जास्त भारी आहे. काही बिघडेल का?

वंगणवाला
ताई, बिघडणार काही नाही, पण भारी वगैरे नाही ते. एमए, एमए२, एमबी ही जासो नावाच्या जपानी मानकाची वर्गवारी आहे आणि ती फक्त क्लचसाठी आहे, दर्जाचा नंबर नाही. बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्याच्या प्लेटांना पकड हवी, म्हणून एमए किंवा एमए२. स्कूटरचा क्लच कोरडा आणि इंजिन ऑइलच्या बाहेर, त्याला पकडीची चिंता नाही, म्हणून निसरडं एमबी चालतं आणि मायलेजला थोडी मदत होते. पुढच्या वेळी एमबीच मागा. उलटं मात्र कधीच नको, स्कूटरचं एमबी बाइकमध्ये टाकायचं नाही.

अजून एक, स्कूटरला मागच्या चाकाजवळ वेगळं गिअर ऑइल असतं, जेमतेम १००-१५० मिली. ते कधी बदललंय का गॅरेजमध्ये विचारा. बहुतेकांचं आयुष्यात बदललेलं नसतं.

स्कूटरवाली
विचारलं. ७ वर्षांत एकदाही नाही 😳 उद्याच जाते.

सातारा_रोड
उलटं कधीच नको याला माझं पूर्ण अनुमोदन आणि हा अनुभव. मामाच्या कारचं सिंथेटिक उरलं होतं, महागातलं, वाया कशाला घालवा म्हणून मी १५० सीसी बाइकमध्ये टाकलं. शहरात ८-१० दिवस काहीच कळलं नाही. मग वाईला निघालो, खंबाटकी चढताना मागे बायको, तिसऱ्यात ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे जात नाही, मागून ट्रक हॉर्न देतोय. कशीबशी कडेला घेतली. कारच्या त्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारं काहीतरी असतं म्हणे, ते क्लच प्लेटांना लागलं. दोनदा ऑइल बदलूनही पकड पूर्ण आली नाही, शेवटी प्लेटा टाकाव्या लागल्या. तेव्हापासून डबा हातात घेतला की आधी जासो एमए२ शोधतो, किंमत नंतर बघतो.

वंगणवाला
बरोबर. कारच्या पातळ, पेट्रोल वाचवणाऱ्या ऑइलमध्ये ते घातलेलं असतं. चढावर आणि मागे बसलेलं माणूस असताना सगळ्यात आधी दिसतं, कारण तेव्हा क्लचवर ताण जास्त.

पेठेतला
सगळे जास्त चालवणाऱ्यांचं बोलताय, माझ्यासारख्याचं काय? शनिपार ते मंडई, तिथून ओंकारेश्वर आणि घरी. वर्षात १५०० किमी होत नाहीत. मग माझं ऑइल तीन वर्षं चालेल ना?

जुनी_किक
अहो तुमचं ऑइल सगळ्यात वाईट हालात आहे! दोन किमीत इंजिन नीट तापतच नाही. ऑइल तापलं की त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं, तुमच्याकडे ते आतच साठत राहतं. एकदा ऑइलचं झाकण काढून आतल्या बाजूला बोट फिरवून बघा. पिवळट पांढरा चिकटा असला तर ते पाणी आहे. किमी काहीही असोत, वर्षातून एकदा बदलायचंच. आम्ही घरातल्या सगळ्या गाड्यांचं दसऱ्याच्या आदल्या रविवारी करतो, म्हणजे तारीख लक्षात ठेवायला लागत नाही, हार घालायच्या आधी ऑइल झालेलं असतं.

पेठेतला
बघितलं. चिकटा आहे. 🙏 दसऱ्याला अजून वेळ आहे, आत्ताच करून घेतो.

आनंदनगर
पाण्याचा विषय निघालाच आहे तर, २०२४ च्या जुलैमध्ये खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर एकतानगरीत शिरलं तेव्हा माझ्या आत्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या सीटपर्यंत बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर ज्यांनी लगेच सेल्फ मारून बघितला त्यांच्यातल्या दोघांची इंजिनं जाम झाली. आतेभावाने सेल्फला हात लावला नाही, गाडी ढकलत वर आणली, ड्रेन नट खोलला तर दूध घातलेल्या कॉफीसारखं ऑइल. स्वस्तातलं मिनरल टाकून पाच मिनिटं नुसतं चालवलं, काढलं, परत तेच, तिसऱ्यांदा काळपट पण स्वच्छ आलं तेव्हा चांगलं ऑइल भरलं. फिल्टर दोनदा बदलला. गाडी आजही चालते. बुडालेली गाडी चालू करून बघायचा मोह आवरा, एवढंच सगळ्यांना सांगणं आहे.

नवशिका_२००
माझं सिंथेटिक ८०० किमीतच काळं झालं, डुप्लिकेट असेल का?

वंगणवाला
काळं होणं म्हणजे ते काम करतंय. आतली काजळी उचलून स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावरून ठरवू नका. वास घ्या, पेट्रोलचा भपकारा येतो का बघा, दोन बोटांत चोळा, बारीक कण लागतात का, लेव्हल किती उतरली.

कसबा_ते_चाकण
डुप्लिकेट असतं मात्र, आणि भरपूर असतं. नाना पेठेत मी वर्षानुवर्षं स्पेअर घेतो, ओळखीच्या दुकानातूनच आणि बिल घेऊनच ऑइल घ्या. झाकणाची रिंग अखंड हवी, झाकणाखालचं फॉइल अखंड हवं, बॅच नंबर पुसट नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडू नका. बुडाला खिळ्याने भोक पाडा आणि मगच टाका. तुमचा खरा डबा परत भरून दुसऱ्याच्या गळ्यात मारला जातो. ऑइल ओततानाही समोर उभे राहा, संकोच कसला त्यात.

चौथा_गिअर
घरी बदलणारं कोणी आहे का इथे?

आनंदनगर
मी करतो. गाडी पाच-सात मिनिटं फिरवून आणायची म्हणजे ऑइल पातळ होऊन सगळं खाली येतं, खाली जुनी परात, रिंग पाना, नरसाळं, झालं. पण ड्रेन नट आवळताना जोर दाखवू नका. पहिल्याच वेळी मी गळू नये म्हणून पान्याला पाईप लावून आवळला आणि ॲल्युमिनियमचे आटे गेले. मग खराद्याकडे जाऊन नवीन आटे पाडून आणावे लागले, चार दिवस गाडी बंद. नट हाताने पूर्ण बसवायचा, मग पान्याने थोडाच. आणि वायसर दरवेळी नवीन, दहा-वीस रुपयांचा असतो.

स्कूटरवाली
काढलेल्या ऑइलचं काय करता पण?

आनंदनगर
त्याच डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजच्या ड्रममध्ये देतो. रिसायकलवाले ड्रम उचलतात, ते शुद्ध होऊन परत वापरात येतं. चेंबरमध्ये ओतू नका कोणी, ते शेवटी मुठेतच जातं.

जुनी_किक
आमच्याकडे गावाला वाळवीसाठी दाराच्या चौकटीला लावायचे, बाबा चेनलाही लावायचे.

वंगणवाला
चेनला नको काका, त्यात धातूचे बारीक कण असतात आणि त्यावर धूळ बसून चेन-स्प्रॉकेट घासतं. हाताला लागणंही चांगलं नाही, हातमोजे घाला.

घाटवेडा
अवांतर: फुल सिंथेटिक लिहिलेलं सगळं सारखंच असतं का? मी ऐकलंय की काही नुसतं जास्त गाळलेलं मिनरलच असतं.

वंगणवाला
अर्धवट खरं आहे. मूळ तेलाचे ग्रुप पाडलेले असतात. ग्रुप ३ म्हणजे कच्च्या तेलापासूनच, पण हायड्रोजन वापरून खूप शुद्ध केलेलं. ग्रुप ४ म्हणजे पीएओ, रसायनं जोडून बनवलेलं. एस्टर ग्रुप ५ मध्ये. यावरून अमेरिकेत दोन मोठ्या ऑइल कंपन्यांत वाद झाला होता, १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातींच्या तक्रारी बघणाऱ्या मंडळाने ग्रुप ३ लाही सिंथेटिक म्हणता येईल असं ठरवलं. म्हणून आज दोन्ही डब्यांवर तोच शब्द असतो. रोजच्या वापराला चांगलं ग्रुप ३ अजिबात वाईट नाही. पण त्याच्या जोरावर बदलायचा आकडा दुप्पट करू नका.

चौथा_गिअर
वाखूसा (वाचनखूण साठवली).

धायरीकर
बऱ्याच दिवसांनी परत येतोय, मुद्दाम थांबलो होतो, बदलून झाल्यावरच लिहायचं म्हणून.

जुनी_किक काकांचं ऐकून दर दुसऱ्या रविवारी लेव्हल बघत होतो. २००० पर्यंत इंजिनवरची लेव्हल बघायची काच तशीच भरलेली. पहिल्यांदा उतरलेली दिसली २७०० ला, तेव्हा १५० मिलीच्या आसपास त्याच ऑइलचं टॉपअप केलं. ते केलं नसतं आणि मित्राचं ऐकून १०,००० पर्यंत झाकणच उघडलं नसतं तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. वंगणवाला म्हणाले तसं ३७०० च्या पुढे राधा चौकातल्या सिग्नलला न्यूट्रल सापडेना झाला, पहिल्या आणि दुसऱ्यात नुसतं खालीवर. ४००० ला घरीच काढलं. पेट्रोलचा वास किंचित, कण नाहीत, ८५० मिली मोजून निघालं. फिल्टर नवीन, वायसर नवीन, नट हलक्या हाताने.

गॅरेजवाल्या काकांनाही सांगितलं तासांचं गणित. ते हसले नाहीत, वहीत लिहून घेतलं, म्हणाले हिंजवडीवाल्या गिऱ्हाइकांना आता असंच विचारतो, किती किमी नाही, किती वेळ लागतो ऑफिसला.

एकच शंका राहिली. नवीन ऑइल भरून गाडी दोन मिनिटं चालवली आणि बंद करून लगेच काचेत बघितलं तर लेव्हल खालच्या रेघेच्याही खाली, घाबरून अजून ओतणार होतो. थांबलो ते बरोबर केलं का?

जुनी_किक
एकदम बरोबर. दोन-तीन मिनिटं थांबा, वर गेलेलं ऑइल खाली येतं, फिल्टर नवीन आहे तोही थोडं पितो. मग सरळ उभ्या गाडीवर बघा. वरच्या रेघेच्या वर मात्र जाऊ देऊ नका, जास्त झालं तर श्वासाच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं.

धायरीकर
आत्ता खाली जाऊन बघून आलो. दोन रेघांच्या बरोबर मध्ये आहे.